वीस-बावीस पानांमागे एक अक्षर

ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या त्या छापखान्यात सगळे तिला धाकटी म्हणत, कारण तिच्या आधीपासून तिचा थोरला भाऊ तिथे मुद्रितशोधक होता. त्याला जन्मापासून दिसत नाही. छापून आलेलं प्रत्येक पान तो बोटांनी वाचतो आणि चूक सापडली की कोपरा दुमडतो. धाकटीचं काम मजकूर संगणकावर चढवायचं. चाळिशीनंतर ती स्वतःची स्वतः जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा शिकली आणि साध्या मजकुराचे ब्रेल ठिपके करून देणारी एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांना आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असा तयार कोड, तिने लिहिली. ती सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी.

सहा वर्षं लायब्ररी बिनबोभाट चालली, पण फक्त नोडवर. जावास्क्रिप्ट ज्याच्यावर चालते त्याला रनटाइम म्हणतात, आणि छापखान्यातला रनटाइम नोड होता. मग एका शाळेतल्या शिक्षकांचं पत्र आलं. त्यांच्याकडे दुसरा, नवा रनटाइम होता आणि तिथे लायब्ररी पहिल्याच ओळीला मान टाकत होती. पाठोपाठ आणखी कुणाला ती ब्राउझरमध्ये हवी झाली.

धाकटीने कोड उघडून पाहिला. फाइल वाचायच्या नोडच्या खास आज्ञा तिने जागोजागी पेरून ठेवल्या होत्या. दोन महिने ती कामाच्या आधी तासभर येऊन बसायची. ठिपक्यांचा हिशोब करणारा भाग तिने अगदी सुटा केला. त्याला फाइल, डिस्क काही ठाऊक असायचं कारण उरलं नाही. फाइल वाचण्यापुरता प्रत्येक रनटाइमसाठी वेगळा, छोटा भाग लिहिला. दोनशे बारा चाचण्या तिन्ही ठिकाणी पास झाल्या, तेव्हा तिने नवी आवृत्ती बाहेर सोडली.

शिक्षकांनी तीनशे पानांचं विज्ञानाचं पुस्तक छापलं आणि आभाराची चिठ्ठी जोडून एक प्रत धाडली. भावाने ती वाचायला घेतली. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने पुस्तक तिच्या टेबलावर आणून ठेवलं. नऊ कोपरे दुमडलेले होते.

"हे तुझ्याकडचं दिसतंय," तो म्हणाला.

"माझ्याकडचं कसं, दादा? टंकलं शाळेने, छापलं शाळेने."

"बाविसाव्या पानावर एक अक्षर मोडलंय. मग त्रेचाळीसवर. पासष्टच्या आसपास काही नाही, पुन्हा शहाऐंशीवर आहे. टंकणारा माणूस असा मोजूनमापून चुकत नाही."

"दोनशे बारा चाचण्या पास झाल्यात."

"केवढ्या केवढ्या?"

"एकेका वाक्याच्या."

त्यावर तो डबा उघडून जेवायला बसला.

धाकटीला दुपारभरात कारण सापडलं. नोडसाठी तिने पूर्ण फाइल एका दमात वाचली होती. नव्या रनटाइमसाठी मात्र तुकड्या-तुकड्याने वाचली होती, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत बदलला होता. संगणक त्या पुस्तकाच्या लिपीतलं एक अक्षर तीन बाइटमध्ये, म्हणजे तीन आकड्यांत, साठवतो. तुकडा नेमका अक्षराच्या मध्येच तुटला की त्या अक्षराचा भुगा व्हायचा. कधी तो दोन अक्षरांच्या मधोमध तुटे, तेव्हा पान निभावून जाई. चाचणीतलं एकेक वाक्य एकाच तुकड्यात मावायचं, म्हणून तिथे चूक कधी दिसलीच नव्हती. रनटाइमचा काही दोष नव्हता, घाई तिचीच होती. दुरुस्ती दोन ओळींची निघाली: अर्धवट बाइट पुढचा तुकडा येईपर्यंत धरून ठेवायचे. आता तिने शाळेचं ते आख्खं पुस्तकच चाचणीत घातलं आणि शिक्षकांना माफीचं पत्र लिहिलं. त्यांनी नऊ पानं बदलून घेतली.

"ती आवृत्ती बाहेर किती दिवस होती?" भावाने घरी जाताना विचारलं.

"सात आठवडे."

"आणखी कुणी छापलं असेल?"

"कळायला मार्ग नाही. घेताना कुणी नाव-पत्ता देत नाही. चारशे वेळा उतरवून घेतलीय, एवढं दिसतं."

"म्हणजे कुणीतरी आत्ता तसलं पान वाचत असेल आणि आपल्याच बोटांना दोष देत असेल."

दुसऱ्या दिवशी तिने लायब्ररीच्या पानावर अगदी वर सूचना लावली: कोणती आवृत्ती, कोणता रनटाइम, छापलेलं पुस्तक कसं तपासायचं. दोघांची उत्तरं आली. एकाने अजून काही छापलंच नव्हतं. दुसऱ्या संस्थेने एक कथासंग्रह परत मागवून घेतला. बाकीच्यांकडून काही कळलं नाही. सूचना तिने अजून काढलेली नाही.