पाडव्याला रंगलेली शिंगं

गायकवाड सर गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी विचारलं, "त्रास झाला का गं?" "नाही मावशी, चहा प्यायले, खुर्चीत बसले आणि..." रडू आलंच, पण खरं सांगते, बरंही वाटलं. ज्यांना मुक्या जनावराची कळ बघवत नसे, त्यांना स्वतःला कळा सोसाव्या लागल्या नाहीत.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी डोंबिवली एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नुकतीच लागले होते, अजून कायम व्हायची होते. सर आमचे पशुवैद्य. म्हशींना दगडी होते, म्हणजे कास सुजते, दूध नासतं. त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी कल्याणच्या एका तबेल्यात चालली होती. निम्म्या म्हशींच्या सडात नवं औषध, निम्म्यांच्या जुनं, आणि रोज दुधाचे नमुने लॅबमध्ये. ओळख पटावी म्हणून मी शहाणीने शिंगांना रंग लावला. नव्याला तांबडा, जुन्याला निळा. वहीत नोंदच नाही, कंटाळा! दिवाळीची सुट्टी संपवून गेले तर काय... झाडून सगळ्या म्हशींची शिंगं लालभडक. तबेल्याच्या मालकीण पाटीलकाकू कौतुकाने म्हणाल्या, "पाडवा व्हता ना, मंग शिंगा रंगवाची नाय का?"

घरी येऊन मी चक्क अंदाजाने तक्ता भरला. दोन दिवस तो पर्समध्येच ठेवून फिरले. शेवटी सरांसमोर रडत सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "अगं शैला, म्हशीला बोलता येत नाही म्हणून तिच्या नावावर काहीही खपवायचं?" तक्ता फाडून ते एकटेच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. चाचणी रद्द झाली, पुन्हा पहिल्यापासून करायची ठरली. माझी नोकरी राहिली, पण सरांची बढती हुकली. आत काय बोलणं झालं हे विचारायचा मला कधी धीर झाला नाही. दुसऱ्या खेपेला सर वहीत एकेका म्हशीच्या तोंडाचं चित्रच काढायला लागले. कपाळावरचा चट्टा, तुटकं शिंग, फाटका कान. काकू वही बघून म्हणायच्या, "डॉक्टर, ही म्हस हाय का घोरपड?" औषध मात्र छान लागू पडलं. माझ्या अंदाजाच्या तक्त्यात ते नापास झालं होतं!

परवा ठाण्याला, खोपटमध्ये सरांच्या घरी गेले, तेव्हा मुलीने तीच वही माझ्या हातात ठेवली. पहिल्या पानावर सरांचं अक्षर : "पहिली चाचणी रद्द. सणाला शिंगं रंगवतात, हे मला आधी सुचायला हवं होतं. चूक माझी. साहेबांना तसंच सांगितलं." सरांनी मला कधी दोषी धरलंच नव्हतं. इतकी वर्षं उरावर असलेला धोंडा तिथेच, त्यांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी उतरला. मी पोटभर रडले. मग पानं उलटत शेवटच्या चित्रापाशी आले. खाली लिहिलं होतं, "शैला आता चित्र न बघता सगळ्या म्हशी ओळखते."

बरंच झालं, सर. तुमच्या चित्रांवरून एकही ओळखता आली नसती.