पडद्यावरची बाई खाली बसली

आधीच सांगतो, भूतबीत मी मानत नाही. इथल्या एका मिलमध्ये मी विजेच्या खात्यात फिटर आहे. सिनेमा म्हणजे दिवा, भिंग आणि फिरणारी फिल्म... माझ्या लेखी एवढंच. पण 'त्या भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग खरंच भयंकर आहे का हो?' असं सोलापुरात अजून लोक मला विचारतात, म्हणून लिहायला बसलो.

पहिला भाग लागला तेव्हा माझी थोरली बहीण नागव्वा माहेरी आली होती. आम्ही तिला अक्का म्हणतो. मंद्रूपला दिलेली, सासरची घोंगडी बाजारात तीच विकायची. हौसेनं ती माझ्याबरोबर थिएटरात आली. मुका सिनेमा, पडद्याखाली पेटी-तबला. केस मोकळे सोडलेली एक बाई विहिरीतून वर येते आणि सरळ प्रेक्षकांकडे बोट करते... त्या जागी बायकांच्या बाजूला अक्का ताठ झालेली मला दिसली. बाहेर आल्यावर ती कुजबुजली, "तिनं माझं नाव घेतलं रे."

मुक्या सिनेमात!

त्या दिवसापासून अक्काचा आवाज गेला. कुजबुज तेवढी उरली. घशात काही दोष नाही, असं डॉक्टर म्हणाले. सासूनं मात्र बाधा ठरवून टाकली आणि तिला आमच्याकडे आणून सोडलं. दाजी मनानं चांगले, पण आईपुढे त्यांचं तोंड उघडत नसे. पुढं वर्षभरात बातमी आली, की त्यांच्यासाठी दुसरी बायको बघताहेत. अक्का दोन दिवस जेवली नाही.

अशात दुसऱ्या भागाची जाहिरात करणारी गाडी ढोल वाजवत भवानी पेठेतून गेली. अक्का उठली, पायांत चपला सरकवल्या. आई आडवी आली, मीही नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. शेवटी दुपारच्या खेळाला मीच घेऊन गेलो.

खरं सांगायचं तर इंटरव्हलपर्यंत सिनेमा हसण्यासारखाच होता. वटवाघळांचे दोरे दिसत होते, मांत्रिकाची दाढी एका बाजूनं सुटली होती. लोक शिट्ट्या मारत होते.

इंटरव्हलनंतर ती बाई आली. झाडांतून, दोन्ही हात पुढे करून, मोठी मोठी होत... शिट्ट्या थांबल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूला अक्का उभी राहिली आणि भरदार आवाजात, अगदी सहज म्हणाली,

"माझं नाव घेऊ नगंस. बस खाली."

आणि पडद्यावरची बाई खाली बसली. मांडी घालून, पदर सावरून, मान खाली घालून बसली. पेटीवाल्याचे हात थांबले. मी ते या डोळ्यांनी पाहिलंय. अक्काच्या शेजारच्या सगळ्या बायकांनी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्कानं मंद्रूप गाठलं; मी मागे होतो. ओसरीवर मुलीकडचे लोक बसलेले, बोलणी चाललेली. अक्का उंबऱ्यात उभी राहिली. "आत्याबाई," ती म्हणाली, "पावण्यास्नी च्या दिला का न्हाय?" आवाज असा खणखणीत, की गोठ्यातल्या शेळ्यांनीसुद्धा माना वर केल्या. सासूबाईंच्या हातातली सुपारी तशीच राहिली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि पागोटी सावरून गेले. दाजी मोठ्यानं हसले. आईसमोर ते हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मग त्यांनी अक्काचं गाठोडं स्वतः उचलून आत नेलं.

नंतर मी तो सिनेमा पुन्हा जाऊन पाहिला. त्यात ती बाई बसत नाही, चालत झाडांत निघून जाते. ओळखीच्या ऑपरेटरकडून ते रीळ मागून उजेडासमोर धरलं, बोटाबोटानं सरकवून बघितलं. तुकडा जोडल्याची खूण नाही, बसलेल्या बाईचं एकही चित्र नाही. आवाज धक्क्यानं परत आला असेल, हे मी समजू शकतो. पण ती बसली कशी? मिलमधल्या शिकल्यासवरल्या माणसांना विचारून झालं.

एकदा अक्कालाच विचारलं. ती घोंगडी झटकत होती.

"लई चालली हुती बिचारी," ती म्हणाली. "बस म्हणून कुणी म्हणलंच नसंल की तिला."