सुदामचे पाहुणे मी पळवले

आधी चहाचे कप खाली ठेवा बघू. हे ऐकताना आमच्या मेहुण्याला असा ठसका लागला होता की पाठ थोपटायला तिघं लागले. आता ठेवलेत ना? मग हसा खुशाल. माझी लाज आता उरलीच नाही, त्यामुळे ती जायची भीतीही नाही.

तर आमचं गाव पोलादपूरच्या पुढं, महाबळेश्वरच्या रस्त्याला, फाट्यावरून आत. मी दत्ताराम. महाडच्या एमआयडीसीत जन्मभर नोकरी केली आणि आता घरी नाचणी, कोंबड्या आणि मंदा, म्हणजे आमची बायको, यांच्या सोबतीनं बसलोय. शेजारी माझा चुलत भाऊ सुदाम. त्याच्या आणि माझ्या शेतात एकच बांध. दोन्ही शेतं सारखीच खडकाळ. वरी पेरली तर उगवायला लाजायची.

आणि त्या खडकावर ह्या माणसानं काय करावं? दहा तंबू ठोकले! नदीकाठी झोपाळा टांगला, झाडांना दिव्यांच्या माळा सोडल्या आणि फाट्यावर बोर्ड लावला: ‘स्वस्तात मस्त कॅम्पिंग, चुलीवरचं जेवण’. झालं! दर शनिवारी पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग. मी बांधावर बसून गाड्या बघायचो आणि आतून नुसता जळायचो. हो, जळायचो! उगाच कशाला खोटं बोलू?

वर मंदा तेल ओतायला होतीच.

“अवो, ऐकलंत काय? सुदामभावजींची बायको भाकरी थापत होती नि पुण्याच्या बायका तिचा व्हिडिओ काढत होत्या. माझी भाकरी काय चौकोनी हाय?”

“तुझी पण गोलच हाय गो!”

“मग माझा व्हिडिओ कोण काढणार? कोंबड्या?”

आता एवढं ऐकल्यावर माणूस गप्प बसेल का? मीही कॅम्पिंग काढलं. एक तंबू ऑनलाइन मागवला. तो उघडायला दोन दिवस लागले आणि परत पिशवीत बसवायचं काम अजून चालू आहे. बाकीचे तीन निळ्या ताडपत्रीचे केले. बोर्डावर सुदामपेक्षा शंभर रुपये कमी लिहिले आणि खाली ‘सवचे गरम पाण्याचे झरे दहा मिनिटांवर’ असंही ठोकून दिलं. आमच्याकडून सव दहा मिनिटांत गाठायचं तर हेलिकॉप्टर पाहिजे. पण लिहायला काय जातं?

तीन शनिवार गेले. ताडपत्रीच्या तंबूत एकदा शेळी व्याली, तेवढंच काय ते बुकिंग. पलीकडे सुदामकडे गाणी, हसणं, कोंबडीच्या रश्श्याचा वास. तो वास बांध ओलांडून मुद्दाम माझ्याच नाकात यायचा.

चौथ्या शनिवारी डोकंच फिरलं. दुपारी चारला गळ्यात शिट्टी अडकवून मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, गाडी सुदामकडे वळायच्या आधीच आपल्याकडे वळवायची!

पांढरी गाडी आली. आत पन्नाशी ओलांडलेलं जोडपं. काच खाली करून झुपकेदार मिशीच्या गृहस्थांनी विचारलं, “सुदामरावांचं कॅम्पिंग कुठं आलं हो?”

पाहुण्यांशी मी शुद्ध बोलतो हं. “तिकडे आज फुल्ल आहे, साहेब. आपण आमच्याकडे यावं.”

“आपण कोण?”

“मी सुदामचा चुलत भाऊ. लहानपणापासून ओळखतो त्याला.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. नजरेनंच काहीतरी ठरलं. “मग तर तुमच्याकडेच उतरतो,” गृहस्थ म्हणाले.

अहाहा! मला गगन ठेंगणं झालं. सुदामचं गिऱ्हाईक, आणि माझ्या अंगणात! गाडी मी गोठ्यामागं लावायला लावली. म्हटलं, “तिथं सावली आहे.” खरं म्हणजे तिथून ती सुदामला दिसली नसती.

मंदानं गावठी कोंबडी रटरटत ठेवली. पण ही माणसं जरा विचित्रच वाटली. नदीकडे ढुंकून बघेनात. एक फोटो नाही काढला. तंबूत वाकून पाहिलं आणि अंगणात खुर्च्या टाकून बसली. आणि विचारायचं काय? तर सुदामचं!

“सुदामराव माणूस कसा आहे?”

तुम्हीच सांगा, मला हा प्रश्न विचारावा? मला?

“आता घरातलं बाहेर कशाला सांगू…” असं म्हणत मी खुर्ची पुढं ओढली आणि सगळं सांगितलं. शुद्ध भाषा तिथंच गळून पडली. “पैसा डोक्यात गेलाय त्याच्या! दोन मजली घर बांधलंन. नवी गाडी आणलीन. दारू पीत नाय, तंबाखू खात नाय, चार माणसांत बसायचं कसं तेच ठाऊक नाय! आणि बायकोला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाय. बायलवेडा मेला!”

“हो का?” त्यांच्या बायकोनं, म्हणजे मावशींनी, खुर्ची आणखी जवळ घेतली. “आणि मुली?”

“दोन. मोठीला नर्सिंग शिकवलंन. मुलीच्या जातीला एवढं शिकवायचं? आता महाडला दवाखान्यात लागलीय. सुट्टी असली की तंबूवाल्यांचा सैपाक तीच करते.”

“कसा करते?”

इथं माझ्या जिभेवर शनी बसला. जेवण चांगलं म्हणालो तर ही माणसं पुढच्या खेपेला सुदामकडेच जायची! “छे! मीठ कळत नाय, तिखट कळत नाय. एकदा खाल्लं नि तीन दिवस आजारी पडलो.”

खोटं! साफ खोटं! ती मानसी, माझी पुतणी. तिच्या हातचं माशाचं कालवण असलं की मी घरचं ताट सोडून बांध ओलांडतो. दर रविवारी येऊन माझं बीपी तपासते, गोळी चुकली की माझ्यावर ओरडते. मला मूलबाळ नाही, पण ती आहे म्हणून ते कधी जाणवलं नाही. त्या पोरीबद्दल मी हे बोललो.

सकाळी चहा-पोहे घेऊन पाहुणे निघाले. गृहस्थांनी माझे दोन्ही हात धरले. “फार उपयोग झाला तुमचा.” मला वाटलं, रश्श्याबद्दल बोलतायत.

दुपारी मानसी बीपीचं मशीन घेऊन आली. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळत म्हणाली, “काका, काल पप्पांची नुसती फजिती. मला पनवेलचं स्थळ आलंय. मुलाला मी भेटलेय, मला आवडलाय. त्याचे आईवडील गुपचूप चौकशीला येणार होते, कॅम्पिंगला आल्यासारखे. मध्यस्थानं पप्पांना आधीच कळवलंन. बिचारे इस्त्रीचा शर्ट घालून अंधार पडेपर्यंत फाटकात उभे, आणि कुणी आलंच नाय.”

“गाडी कसली गो त्यांची?” मी हळूच विचारलं.

“पांढरी. वडलांना मोठी मिशी हाय म्हणे.”

मशीन पिं पिं करून ओरडायला लागलं.

“काका! एवढं बीपी? गोळी घेतली नाय ना तुम्ही?”

ती गेल्यावर मंदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “पोरीच्या अन्नात माती कालवलीत! आता जा नि सांगा भावजींना.”

दोनदा गेलो हो! दोन्ही वेळा सुदामच्या दारात उभा राहिलो आणि “आमची कोंबडी इकडं आलीय काय?” असं विचारून परत आलो. असे चार दिवस गेले. पोरीचं लग्न मोडलं तर ते माझ्या तोंडानं मोडलं, हेच डोक्यात.

पाचव्या दिवशी सुदामच आला. हातात पेढे.

“दादा, जमलं! पनवेलवाल्यांची पसंती आली!”

पेढा तोंडात धरून मी बघतच राहिलो. जमलं? मी एवढं बोलून?

साखरपुडा सुदामच्याच नदीकाठी झाला. मी मागच्या खांबाआड, टोपी भुवयांपर्यंत ओढून. पण मिशीवाल्यांनी हुडकलंच. हात धरून मांडवाच्या मध्ये नेलं.

“मंडळी, हे लग्न ह्यांच्यामुळे जमलं! चौकशीला गेलं की सगळं गाव गोड बोलतं. लेकीचं काम म्हटल्यावर दुश्मनसुद्धा चांगलंच सांगतो. पण हे गृहस्थ? अडीच तास मनापासून जळले! भाऊ दारू पीत नाही म्हणून जळले, बायकोचं ऐकतो म्हणून जळले, मुलीला शिकवलं म्हणून जळले. तेव्हाच हिला म्हटलं, भावकी एवढी जळतेय म्हणजे घर चांगलंच असणार!”

मांडव हसून लोळायला लागला. मंदा तर पदर तोंडात कोंबून हसत होती.

“आणि… सैपाकाचं?” मी चाचरत विचारलं.

मावशींनी माझ्या पोटाकडे पाहिलं. “तुम्ही आजारी पडलात म्हणालात, पण तसं वाटलं नाही हो.”

मानसी डोळे वटारून बघत होती. “काका? तीन दिवस आजारी?” आणि तिलाच हसू फुटलं. सुदाम मात्र हळूच जवळ आला. “दादा, एवढा जळत होतास? सांगायचंस ना. दोघांनी मिळून केलं असतं.” ते मात्र लागलं हो मला. हसणाऱ्या मांडवापेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हापासून गावात माझा भाव वाढलाय. कुणाच्या पोरीला स्थळ आलं की पाहुण्यांना चौकशीला माझ्याकडेच धाडतात. परवा वरच्या वाडीतल्या बाळूच्या पोरीला बघणारे आले. मी ठरवलं होतं, आता सुधारायचं. त्यामुळे तोंडभर कौतुक केलं. बाळू म्हणजे देवमाणूस, पोर गुणाची, घर एकदम सरळ! पाहुण्यांचे चेहरे पडत गेले आणि चहा अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी बाळू दारात. रडकुंडीला आलेला.

“दत्तादादा, मी तुझं काय वाकडं केलंय रे? सुदामवर अडीच तास जळलास, माझ्यावर पाच मिनिटं जळायला तुला काय झालं होतं?”