लऊळ वाडीत कसं आलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती माझं बरंच काही न सांगता ओळखते, पण हे तिलाही कळलेलं नाही, कारण या गोष्टीत मी बाहेरून चांगलाच दिसतो. इतका चांगला, की मागच्या महिन्यात मला शाल-नारळ मिळाला. त्या शालीमुळेच आता बोलतोय. तुमच्याशी म्हणून.

सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. प्रोग्रामिंग शिकवतो, आणि बरं शिकवतो—निदान तसं धरून चालतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सुवर्णा यायची. लऊळची. गावाहून कुर्डुवाडी, तिथून गाडीनं सोलापूर, असा रोजचा प्रवास. घरून तिला वर्षभराची मुभा होती. तेवढ्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर शिकणं बंद. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

एक दिवस मी शिकवत होतो, एखादा शब्द ठरावीक अक्षरांनी संपतो की नाही, हे प्रोग्रामला कसं ओळखायला लावायचं. उदाहरण आपल्याच जिल्ह्याचं घेतलं. गावांच्या यादीतून 'वाडी'नं संपणारी नावं काढायची. खरं तर त्यासाठी तयार सोय असते, एका ओळीत काम होतं. पण मग माझी हुशारी कशी दिसणार? मी स्वतःची युक्ती फळ्यावर लिहिली. नावात 'वाडी' कुठे सुरू होते ते शोधायचं. नावाच्या लांबीतून 'वाडी'ची लांबी वजा करायची. दोन्ही आकडे जुळले, की नाव वाडीनं संपतं. प्रोग्राम चालवला. कुर्डुवाडी आली, मोडनिंब, मंद्रूप बाजूला राहिली. मी ऐटीत हात झटकले.

"सर, आमचं लऊळ वाडीत कसं काय आलं?"

खरंच—स्क्रीनवर कुर्डुवाडीच्या खाली लऊळ. पोरं हसली. मला वाटलं, मलाच हसताहेत. मी म्हणालो, यादी तूच टाइप केलीस ना, नावापुढे मोकळी जागा सोडली असशील, नीट बघत जा.

"जागा न्हाय सर, बघितलंय की मी."

मी तिला खाली बसवलं. खेड्यातून येणाऱ्यांचा अंगठा स्पेसबारवरून हलत नाही, असं काहीतरी वर बोललोही. आता पोरं तिला हसली. तिनं मान खाली घातली नाही. ती स्क्रीनकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती उत्तर घेऊन आली. आणि काय उत्तर होतं! संगणक काना-वेलांट्या वेगळ्या मोजतो, म्हणून 'वाडी' चार आणि 'लऊळ' तीन. तिनातून चार गेले, उणे एक. आणि शोधलेलं सापडलं नाही, तरी संगणक सांगतो—उणे एक. झाले की आकडे जुळून! माझी युक्ती सापडणं आणि न सापडणं यात फरकच करत नव्हती. इतकी वर्षं ती मी मिरवत होतो. या मुलीनं पुढे विचारलं, नुसतं 'वाडी' लिहिलं तर? काहीच नाही लिहिलं तर? मी इतक्या पोरांना शिकवलं, पण असे प्रश्न कुणी विचारले नव्हते. तिचं डोकं जिथे कुणी पाय ठेवत नाही तिथेच आधी जायचं. मला तिचा अभिमान वाटला, खरंच वाटला. तोंडानं मात्र मी एवढंच म्हणालो, बरं, बघतो.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांना चुका शोधणारं माणूस हवं होतं. लिहिणारे पुष्कळ मिळतात म्हणे, दुसऱ्याच्या प्रोग्राममधलं बिंग बाहेर काढणारं कुणी आहे का तुमच्याकडे?

ती तेव्हा माझ्या समोर, काचेपलीकडे बसली होती. मला काय दिसलं सांगू? मुलाखतीत ते विचारणार, कुठली चूक शोधलीस? आणि ती सरळ मनानं सांगणार, आमच्या सरांची. बस्स, एवढंच. एवढ्यासाठी मी म्हणालो—नाही हो, तसं कुणी नाही.

वर्ष संपलं, तिचं येणं थांबलं. पुढे ती कुर्डुवाडीत मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारत बसायची, हे कानावर यायचं. मी कधी गेलो नाही. तिकडून गाडी जायची तेव्हा मी खिडकीशी बसायचो नाही.

मागच्या महिन्यात तिनं कुर्डुवाडीत स्वतःचा क्लास काढला. साठवलेल्या पगारातून, स्वतःच्या हिमतीवर. उद्घाटनाला मलाच बोलावलं. तिनं मला शाल घातली, पाया पडली. मग फळ्यापाशी गेली आणि पहिलाच धडा लिहिला—कुर्डुवाडी, मोडनिंब, मंद्रूप, लऊळ. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

काय सुंदर शिकवते ती! माझ्यापेक्षा कितीतरी सोपं. शेवटी पोरांना म्हणाली, "ही चूक आमच्या सरांनी मुद्दाम ठेवली हुती. वर माझ्यावरच ढकलली. का? तर मी मागं सरते का, ते बघाया. असं शिकवणारं माणूस मिळत न्हाय."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. तीही बघत होती, आनंदानं, काही लपवत नव्हती. मी हसलो. मान डोलावली—हो, मुद्दामच. आणि खांद्यावरून घसरलेली शाल नीट ओढून घेतली.