कॅमेऱ्याचं कपाळ
ओल्या कुंकवाचा वास आला की मला खुर्सीपारच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजा झाली होती आणि गावच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेल्या बाबांनी शिलाई मशीन, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांना टिळे लावले होते. दहा वाजता माझा नोकरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू, आणि वेबकॅमचं चित्र नुसतं काळपट लाल. मी केबल दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहिली, ड्रायव्हर पुन्हा टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दहाला सात मिनिटं उरली तेव्हा कुठे माझं लक्ष भिंगाकडे गेलं. घरभर टिळेच होते, म्हणून तिथला दिसूनही दिसला नव्हता. “बाबा, काचेवर कावून लावला जी?” “मशीनले टिळा कपाळावरच लावतेत,” ते ओशाळून म्हणाले, “अन् याचं कपाळ मले तेच वाटलं.” त्यांनी चष्म्याच्या फडक्यानं काच पुसली, आणि पडद्यावर आधी त्यांचाच घाबरलेला चेहरा उमटला. दोघांचाही जीव भांड्यात पडला. ती नोकरी मला मिळाली. आता पूजेच्या दिवशी दूरच्या शहरात मीच वेबकॅमला टिळा लावते, भिंगाच्या खाली. बाबा व्हिडिओ कॉलवर तो दाखव म्हणतात, मग मी कॅमेऱ्यासमोर आरसा धरते.