पाच सेंटिमीटर छाती

कारागृह शिपायाच्या भरतीसाठी मी अमळनेरहून धुळ्याला गेलो होतो. फुगवल्यावर छाती पाच सेंटिमीटर वाढायला हवी होती आणि माझी जेमतेम तेवढीच वाढायची. हवालदारांनी टेप लावताच मी श्वास भरून धरला.

"गाव कोणतं?" त्यांनी विचारलं. तोंड उघडलं तर हवा जाईल, म्हणून मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मी लालबुंद होऊन नुसते डोळे मोठे केले.

ते शेजारच्या शिपायाला म्हणाले, "पोऱ्या मुका शे का?" मग टेप गुंडाळत मला म्हणाले, "माप कव्हाच लिखी लिधं, भाऊ. आते श्वास सोड."

मी तो इतक्या जोरात सोडला, की टेबलावरचे अर्ज उडाले. ते गोळा करून, धापा टाकतच मी सोळाशे मीटर धावायला गेलो. कसाबसा पास झालो.