चरणारा, चाळणारा, टिपणारा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका बैठकीसाठी हिमायतनगरला होते. फोन मामीचा होता. तिनं बातमी सांगितली, जरा थांबली आणि म्हणाली, "लाइट गेलीय. माशांच्या टाकीची मोटार इन्व्हर्टरवर टाकलीय... बरोबर केलं ना?" मी हो म्हणाले. नांदेडला येऊन लातूरची गाडी धरली. वाटेत रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळत नव्हतं. आता काही आठवडे उलटल्यावर बऱ्यापैकी कळतं.

मन्मथमामाचं लातूरला पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. घर लिंगायत, पक्कं शाकाहारी. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. त्या घराच्या पुढच्या खोलीत, दिवाणाशेजारी, मामानं काचेची छोटी टाकी मांडली, फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ कालवलं आणि प्रवाळ वाढवायला घेतलं. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, दगडाला धरून राहणारा आणि फुलासारखा उघडमीट करणारा जीव, हे मला त्या टाकीसमोर कळलं. समुद्रातून तोडलेलं प्रवाळ मामा घरात येऊ देत नसे. हैदराबादच्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेल्याचं कलम त्यानं आणलं होतं, शेजाऱ्याकडून गुलाबाचं आणावं तसं.

मी चळवळीच्या घरात वाढले. वडिलांच्या पत्रकांची प्रुफं वाचत अक्षरं शिकले, त्यामुळे माझं साधं बोलणंही पत्रकासारखं होतं. नळ कधी येईल याचा भरवसा नसलेल्या गावात समुद्र कसला भरतोस, असं मी मामाला सुनावलं होतं. तो काच पुसत ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "झालं पत्रक? आता इकडं बघ."

बघण्यासारखे होते ते मासे. लोक मासा रंगावरून घेतात. मामा कामावरून घ्यायचा. दगडांवर शेवाळ चढलं की प्रवाळाचा जीव गुदमरतो, म्हणून दिवसभर शेवाळ खरवडणारा एक. वाळूत घाण साचू नये म्हणून तोंडानं वाळू उपसून चाळणारा दुसरा. आणि प्रवाळाला लागणारे बारीक किडे वेचून खाणारा तिसरा. चरणारा, चाळणारा, टिपणारा... हीच त्यांची नावं. टिपणाऱ्यावरून घरात रणकंदन झालं होतं. मांस खाणारा जीव माझ्या घरात नको, असं मामीनं बजावलं. तो टाकीतले किडे खाणार, तुझ्या ताटातलं काही मागणार नाही, असं मामानं समजावलं. मामी पंधरवडाभर त्या माशाकडे पाठ करून बसली. मग एकदा तिनंच मामाला दुकानात फोन केला, की तुमचा टिपणारा आज दिसेना, दगडात अडकला की काय.

हैदराबादच्या दुकानात मी एकदा त्याच्यासोबत गेले होते. दुकानदार एक पिवळा, चपटा, देखणा मासा गळ्यात मारत होता. मामा विचारत राहिला. हा काय खातो, मोठा केवढा होतो, प्रवाळाला तोंड लावतो का... दुकानदार वैतागला. "अप्पा, मच्छी लेरे या दामाद ढूंढरे?"

मामा म्हणाला, "दामादला इतकं इचारत न्हाई आपण. तिथंच चुकतंय आपलं."

शेवटी दुकानदारानंच कबूल केलं की तो मासा प्रवाळ कुरतडतो. विचारलं नसतं तर सांगितलं नसतं. यावर मला पत्रक लिहायचं होतं. मामानं फक्त आभार मानले आणि आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. त्याचा हा भिडस्तपणा मला कधीच सहन झाला नाही. घरी येणाऱ्या एकाही नातेवाइकाला त्यानं टाकीचं गणित समजावलं नाही. कुणी माशांना काही घालायला गेलं की तो हसत आडवा उभा राहायचा, एवढंच. तो उभा होता तोवर निभावलं.

मामाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. बसायची जागा तीच, टाकीशेजारी. आमच्याकडे मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या घालणं पुण्याचं काम. गेलेल्याच्या नावानं घातलं तर जास्तच. पहिली मूठ मामाच्या चुलतभावानं, शिवाअण्णांनी टाकली. मी सांगितलं, हे तळं नाही, एवढ्याशा खाऱ्या पाण्यात कणीक सडते, प्रवाळ मरतं. अण्णा म्हणाले, "मुक्या जिवाला घास घालायला बी तुझी परवानगी लागती का आता?" मग मी मोठ्या अक्षरांत कागद लिहून काचेवर चिकटवला. अण्णांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला, अक्षर चांगलं आहे म्हणाले, आणि गोळी टाकली. मी काढत होते, ते टाकत होते. दुःखाच्या घरात भांडू नये म्हणतात, आणि या एका वाक्याखाली काय काय खपतं! पाणी दुधासारखं गढूळ झालं. टिपणारा मेला. प्रवाळाची तोंडं मिटली आणि कडेकडेनं ते शेवाळी लाळेसारखं विरघळू लागलं. त्यावर तोडगा असा निघाला की हे काढून टाकू, गोडं पाणी भरू आणि मन्मथच्या आठवणीत चार रंगीत मासे सोडू. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मामी आतून आली. अण्णांच्या हातात तेव्हाही कणीक होती. तिनं खुर्ची ओढली आणि टाकीला पाठ लावून बसली.

"अण्णा, घास घालायचा तर मला घाला. काल दुपारपासून जेवले न्हाई मी. कुणी इचारलं न्हाई."

हातातली कणीक कुठं ठेवावी ते अण्णांना सुचेना. शेवटी धोतराला हात पुसत तेच स्वयंपाकघराकडे गेले आणि ताट वाढा म्हणाले. मामी टाकीसमोरच जेवली. मग आम्ही दोघींनी बादलीत मीठ कालवलं, थोडं थोडं पाणी बदललं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिला प्रमाण माहीत होतं. मामा कालवताना ती बघत असणार... मला कधी दिसलं नव्हतं.

ती खुर्ची अजून तिथंच आहे. येणारे लोक आता दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला बसतात. चरणारा दगड खरवडतो, चाळणारा वाळू उपसतो. प्रवाळाचा हाताच्या पंज्याएवढा पसारा होता, त्यातला अंगठ्याएवढा तुकडा उरला आहे. मी नांदेडहून रोज फोन करते. जेवलीस का, हे आधी विचारते. मग टाकीचं विचारते.

काल मामी म्हणाली, "उघडलं न्हाई अजून." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुतेक वाकून बघत होती. "पण विरघळलं बी न्हाई."